जर्नलमध्ये ९८ लिहायचं की १००?

मी विज्ञानाची शिक्षिका. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. वीस वर्षं कधीच उलटून गेली. आटपाडी म्हटलं की ऐकणाऱ्यांना माडगूळकर आठवतात. आम्हाला मेंढरं, डाळिंब आणि टँकर आठवतो. आता टेंभूचं पाणी आलंय, त्यामुळे टँकरची आठवण जरा मागे पडलीय.

तुम्ही म्हणालात, प्रवास सांगा. तो दोन मिनिटांत संपतो बघा. रसायनशास्त्रात बी. एस्सी., मग बी. एड., मग दोन वर्षं एका विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर, मग तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर, आणि मग कायम. माझ्या वयाच्या बहुतेक शिक्षकांचा प्रवास असाच आहे. सांगण्यासारखं काही असेल तर ते कपाटाचं आहे.

त्या पहिल्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती, कपाट होतं. कुलूपबंद. आत चंचुपात्रं, परीक्षानळ्या, एक सूक्ष्मदर्शक, सगळं नवंकोरं. मी किल्ली मागितली तर उत्तर मिळालं, "मॅडम, काच फुटली तर डेडस्टॉकला कुणी दाखवायची?" त्या कपाटातली एकही नळी दहा वर्षांत फुटली नव्हती, याचा तिथे अभिमान होता. मी तेवीस वर्षांची, तासावर पैसे घेणारी. भांडायची सोय नव्हती. मग घरून काचेचे ग्लास, मेणबत्त्या, सायकलच्या दुकानातून व्हॉल्व ट्यूब असं आणायला लागले. अरविंद गुप्तांची पुस्तकं तेव्हा हाताशी होती. आगकाड्या आणि व्हॉल्व ट्यूब जोडून त्यांनी केवढं काय काय केलंय, ते ज्यांना माहीत नाही त्यांनी जरूर बघावं, मराठीतही पुष्कळ आहे. त्या कपाटाचे एका अर्थी उपकारच झाले. पण म्हणून शाळांनी कपाटं बंद ठेवावीत असं मी म्हणत नाही हं!

आता शिकवण्याबद्दल. माझ्या वर्गात एक नियम आहे: प्रयोग करायच्या आधी अंदाज लिहायचा. वहीत, पेनने. पेन्सिलने नाही, कारण पेन्सिल खोडता येते. काय होईल असं वाटतं आणि का वाटतं, दोन ओळी. मग प्रयोग. मग जे झालं ते. अंदाज चुकला तर त्यावर काट मारायची नाही, तो तसाच राहू द्यायचा. शिक्षणशास्त्रात याला मोठं नाव आहे, अंदाज-निरीक्षण-स्पष्टीकरण पद्धत वगैरे. मुलं त्याला नुसतं "पैज" म्हणतात.

याचा उपयोग काय, ते मेणबत्तीच्या प्रयोगावरून सांगते, कारण तो सगळ्यांनी केलाय. बशीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. का? शंभरातली नव्वद माणसं सांगतील, ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. वर हेही सांगतील की हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, आणि पाणीही साधारण तेवढंच चढतं. किती छान जुळतं! खूप वर्षं, खूप ठिकाणी हे असंच शिकवलं गेलंय.

मी काय करते, दोन सारख्या बशा घेते, दोन सारखे ग्लास. एकीत एक मेणबत्ती, दुसरीत तीन. आणि विचारते, पाणी कुठे जास्त चढेल? लिहा. ज्यांना ऑक्सिजनचं उत्तर पाठ असतं ती मुलं लिहितात, दोन्हीकडे सारखंच, कारण ग्लास सारखा, हवा सारखी, म्हणजे ऑक्सिजनही सारखाच. तर्क अगदी बरोबर आहे. मग ग्लास उपडे करायचे. तीन मेणबत्त्यांच्या ग्लासात पाणी चांगलंच जास्त चढतं. वर्गात एकदम कालवा होतो.

मग मी म्हणते, पुन्हा करू, आणि या वेळी पाणी कधी चढतं तेवढंच बघा. तेव्हा दिसतं की ज्योत जळत असताना पाणी फारसं हलतच नाही, विझल्यावर झपकन चढतं. कुणाला तरी ग्लास ठेवताना कडेने निघालेले बुडबुडे आठवतात. तिथून मुलं आपली आपण पोचतात: ज्योतीने आतली हवा तापली, फुगली, थोडी बाहेर निसटली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली, आतला दाब कमी झाला, बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापवली, म्हणून पाणी जास्त. ऑक्सिजन खर्च होतो हे खरंच आहे, पण तो सगळा संपायच्या आधीच मेणबत्ती विझते, आणि जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होतच असते. पाणी चढण्याचं मुख्य कारण तापणं आणि निवणं हेच.

हे सगळं फळ्यावर पाच मिनिटांत सांगता येतं. पण मग मूल ते लिहून घेतं, आणि डोक्यातलं जुनं उत्तर जागचं हलत नाही. अंदाज पेनने लिहिलेला असला की त्या दोघांची गाठ पडते.

कारण मूल रिकामं येत नाही हो. सूर्य, पाणी, ताप, वजन या प्रत्येकाबद्दल त्याने घरून काहीतरी जमवून आणलेलं असतं, आणि ते फार चिवट असतं. अमेरिकेत १९८७ साली एक माहितीपट निघाला होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानाच्या दिवशी तिथल्या २३ जणांना, म्हणजे पदवीधर, माजी विद्यार्थी, प्राध्यापक अशांना, ऋतू का होतात वगैरे साधे प्रश्न विचारले होते. २१ जणांना नीट सांगता आलं नाही. बऱ्याच जणांचं उत्तर होतं, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. माझ्या नववीतही हेच उत्तर येतं. मी एवढंच सांगते की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. मग वर्गातल्या प्रत्येकाला आठवतं की तेव्हा आपण सकाळच्या प्रार्थनेला स्वेटर घालून कुडकुडत उभे होतो.

भाषेचंही बघा. बल, शक्ती, ऊर्जा हे पुस्तकात तीन वेगळे शब्द आहेत, तीन वेगळी एककं. घरात तिन्हीला "ताकद" म्हणतात. वजन किलोत मोजतात हे बाजारात रोज दिसतं, आणि मी सांगते की किलो हे वस्तुमानाचं एकक, वजन न्यूटनमध्ये. आमच्याकडे उष्णता अंगात वाढते, आंबा खाल्ला की उष्णता होते, आणि ताप म्हणजे तर आजारच. मग उष्णता आणि तापमान यांतला फरक सांगायला गेलं की मूल आजीचं ऐकणार की माझं? व्ही. जी. कुलकर्णी, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक, यांनी मुंबईतल्या महापालिका शाळांमधल्या मुलांबरोबर काम करताना भाषेच्या अडथळ्याकडे फार लक्ष दिलं होतं. आता सेमी-इंग्रजी आलंय. पालकांना ते हवंय, आणि का हवंय ते मला कळतं. पण "पॉवर" म्हटल्याने घोळ मिटत नाही, कारण गावात मोटारीला पॉवर असते, औषधाला असते आणि सरपंचालाही असते. म्हणून मी शब्द पाठ करून घेत नाही. आधी घरचा शब्द फळ्यावर लिहायचा, मग तो कुठे पुरतो आणि कुठे कमी पडतो ते बघायचं.

तुम्ही मघाशी शांततेबद्दल विचारलंत. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. वर्गातल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांनी १९७४ साली मांडलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतात, किंवा स्वतःच सांगतात. तेच तीन सेकंद किंवा जरा जास्त थांबलं तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, आणि जी "ढ" म्हणून बाजूला पडलेली असतात ती बोलायला लागतात. तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही. पण साठ मुलांसमोर उभं राहून थांबून बघा, घाम फुटतो. मी खडू हातात फिरवत मनात पाचापर्यंत मोजते. तास बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटतं, वर्ग अडलाय. वाटू दे.

आता जर्नलचं. तुमच्या ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी दहावी केलीय त्यांना माहीत असेल, विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर, आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. जर्नल बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं, निरीक्षणांसकट. एकदा आम्ही पाणी उकळत होतो. थर्मामीटर अठ्ठ्याण्णवला जाऊन थांबला. पाणी खदखदतंय, पारा हलत नाही. गटातल्या चौघींनी एकमेकींकडे बघितलं आणि जर्नलमध्ये लिहिलं: १००.

मी विचारलं, दिसलं किती? म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव, मॅडम." मग शंभर का? "पुस्तकात शंभर आहे. मार्क जातील."

त्या चौघी हुशार होत्या, खोटारड्या अजिबात नव्हत्या. डोळ्यांना दिसलं ते आपलं चुकलं असणार, छापलेलं ते बरोबर, एवढं त्या आठ-नऊ वर्षांच्या शाळेत व्यवस्थित शिकल्या होत्या. मला यात सगळ्यात मोठा धोका वाटतो. उद्या यातलीच कुणी परिचारिका होईल आणि रुग्णाच्या तक्त्यावर आकडा लिहील. कुणी दूध संकलन केंद्रावर फॅट लिहील.

आणि गंमत बघा, अठ्ठ्याण्णवच बरोबर होतं. आमचा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. ढोबळमानाने दर तीनशे मीटरला एक अंश. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे ते ९५-९६ ला उकळेल. कुकरमध्ये उलट, दाब वाढवला की ते १२० च्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण मी त्या दिवशी हे लगेच सांगितलं नाही. म्हटलं, थर्मामीटरच बिघडलेला असेल तर? कसं तपासाल? मधल्या सुट्टीत एकीने दुकानातून बर्फ आणला. वितळत्या बर्फात थर्मामीटर शून्यावर आला. मग आमच्याकडे एकच रस्ता उरला, की थर्मामीटर बरोबर आहे आणि पाणीच वेगळं वागतंय. तिथून हवेच्या दाबावर पोचायला दोन तास लागले. पोर्शन मागे पडला, हे कबूल. पण तेव्हापासून माझ्याकडे दिसेल तो आकडा लिहिणाऱ्याला पूर्ण गुण आहेत, आणि न बघता पुस्तकातला लिहिणाऱ्याला विचारणा.

पोर्शनचा प्रश्न मी टाळत नाही. आमच्याकडेही निकाल लागतो आणि शंभर टक्क्यांचे फलक लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत मीही "शास्त्रीय कारणे लिहा" घोटून घेते, आकृत्यांना नावं द्यायला लावते. त्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्या मुलीला पुढे शिकायचंय तिला गुण लागतातच, आणि तिच्या घरचे तिला पुढे पाठवतील की नाही हे कधीकधी त्या गुणांवरच ठरतं. पण परीक्षा वेगळीही असू शकते. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम होता. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला, नंतर बराच पसरला. मुलं गटात प्रयोग करून शिकायची, आणि परीक्षेत पुस्तक उघडून बसायची परवानगी होती, शिवाय प्रयोगाचीही परीक्षा असायची. २००२ मध्ये तो सरकारने बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चालला, तेव्हा "हे खेड्यात शक्य नाही" असं कुणी म्हटलं की मी होशंगाबादचं नाव घेते.

एका मुलाचं सांगते, नाव घेत नाही. आमच्या आटपाडी-विटा भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करणं. देशभर, अगदी लांबच्या शहरांत आमच्या लोकांची दुकानं आहेत. तर हा मुलगा नववीत होता. दिवाळीच्या सुट्टीत चुलत्याकडे तमिळनाडूत जाऊन आला तो बोटं काळी घेऊन. मुलं हसायला लागली, हा हात पाठीमागे लपवायला लागला. अभ्यासात तो मागेच होता, रासायनिक समीकरण बघितलं की मान खाली.

मी त्याला विचारलं, तिकडे काय करतात ते सांगशील? आधी बोलेना. मी खडू फिरवत थांबले. मग जो सुरू झाला! जुन्या सोन्यात चांदी मिसळून वितळवायचं, ते तेजाबात टाकायचं, तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. चांदी विरघळते, सोनं तपकिरी भुकटीसारखं खाली राहतं. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. "मॅडम, पाणी निळं होत जातं आणि चांदी खाली बसते." अख्खी विस्थापन अभिक्रिया! पुस्तकात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा आहे, खिळ्यावर तांबं बसतं. याने तेच तांबं आणि चांदीचं बघितलं होतं. बोटं काळी का, तर सिल्व्हर नायट्रेट कातडीवर लागलं आणि उजेडात त्यातली चांदी सुटी झाली. जुन्या काळचा फोटो याच जातीच्या चांदीच्या क्षारांवर निघायचा.

तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "आमचे आबा बोर्डोत विळा बुडवून बघतात, तेच काय हे?" तेच ते. डाळिंबावर फवारायला मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण करतात. त्यात लोखंडाचं पातं बुडवून बघतात. तांबूस थर बसला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना घाला, नाहीतर पानं करपतील. आबांनी क्रियाशीलतेची श्रेणी कधी वाचलेली नाही, पण ती रोज वापरतात. त्या दिवशी मी फळ्यावर तीन समीकरणं लिहिली: खिळ्याचं, विळ्याचं आणि चुलत्याच्या दुकानाचं. पहिली दोन एकच निघाली, हे त्या मुलानेच दाखवलं.

मग मी त्याला धुराचं विचारलं. तेजाबात धातू टाकला की तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. बंद खोलीत तो छातीत गेला तर त्या वेळी फारसं काही वाटत नाही, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं, जीवही जाऊ शकतो. त्याला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. "खोकला येतो थोडा," एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी मी त्याच्या वडिलांना फोन लावला. हवा खेळती पाहिजे, धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा पाहिजे, आणि पोराला तिथे उभंच करू नका. वडील म्हणाले, "बाई, आमचा सगळा जन्म त्यात गेला." मी म्हटलं, म्हणूनच सांगतेय, दादा.

मुलगा दहावी पास झाला, बरे गुण मिळाले. पुढे शिकला नाही, त्याच धंद्यात गेला. त्याने शिकावं असं मला वाटत होतं, घरच्यांना वाटत नव्हतं, आणि हे सगळीकडे शिक्षकाच्या हातात नसतं. वर्षा-दोन वर्षांनी त्याचा फोन येतो. मागच्या वेळी विचारत होता, धूर पाण्यातून सोडला तर कमी होईल का? म्हटलं, थोडा होईल, साध्या पाण्यापेक्षा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून जास्त होईल, पण पंखा काढू नकोस.

आता ज्यांना घरी काही करून बघायचंय त्यांच्यासाठी एक. आमच्या अक्षांशावर, साधारण साडेसतरा अंशाला, ९-१० मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते, म्हणजे दिसतच नाही. ऑगस्टात ढग असतात, म्हणून मे गाठायचा. तुम्ही उत्तरेला असाल तर मेमध्ये काही दिवस उशिरा. आधी घरातल्या प्रत्येकाकडून लिहून घ्या, सूर्य रोज बारा वाजता डोक्यावर येतो का? मग सपाट जमिनीवर एक सरळ काठी रोवा, गवंड्याच्या ओळंब्याने उभी आहे ना ते बघा, आणि पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सगळ्यात आखूड सावली बाराला मिळणार नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि आटपाडी पंचाहत्तरच्या जवळ, म्हणजे अर्ध्या तासाचा फरक तिथेच आला. मेमध्ये ती वेळ बारा सव्वीसच्या आसपास येते, आणि फेब्रुवारीत तीच पाऊण वाजायला आलेली असते. का, ते मी आज सांगत नाही. काठी रोवा, खुणा करा, आणि दिसेल तीच वेळ लिहा. पेनने.